हळदीच्या सौद्यातले साहेब

सांगलीच्या हळद बाजारात बाबगोंडाअण्णा अडत करायचे, तेव्हाची गोष्ट. ऑनलाइन सौदे करणाऱ्या एका कंपनीचे मोठे साहेब पुण्याहून आले आणि व्यापाऱ्यांना जमवून म्हणाले, "आता हा समोरासमोर बोली लावायचा सौदा बंद करा, आमच्या अ‍ॅपवर या. माल हाताळायला नको, माणूस भेटायला नको. फोटो पाहिला की विश्वास बसतो!"

सगळे कंपनीच्या करारावर सह्या करायला उठले. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "मग साहेब, तुम्ही एवढ्या लांब कशाला आलासा? फोटो धाडायचा की तुमचा!"

बाजार खो खो हसला. साहेबही ओशाळून हसले. व्यापाऱ्यांनी अ‍ॅप घेतलं, पण बोलीआधी माल समोर दाखवायची अट घालूनच.

आज अण्णा नाहीत. तरी दर मंगळवारी सगळे माल पाहायला जमतात, चहा होतो, आणि कुणीतरी त्यांचा विषय काढतंच.