फणसाच्या ढोलीतली परी

डोंगराच्या पायथ्याशी, जिथं धुकं लोळत पडतं आणि ऊन उशिरा उठतं, तिथं बकुळा नावाची मुलगी राहायची. तिचे बाबा सुतार. उभ्या झाडाला ते कधी करवत लावत नसत. वादळात पडलेलं झाड आणायचं आणि त्याचं टेबल करायचं. कडेची साल तशीच ठेवायची, फांद्यांचेच पाय लावायचे. कापण्याआधी मात्र ते खोडावर टकटक करून म्हणायचे, "आत कोणी असाल तर बाहेर या बरं." मग खारूताई पळायची, मुंग्यांची रांग निघायची. सगळे गेले की मगच काम सुरू.

पण बकुळाची आई तापानं गेली आणि तिच्याबरोबर बाबांचं बोलणंही गेलं. ते बकुळाची वेणी घालायचे, तिला भरवायचे, पण सगळं मुक्यानं. टेबलं बंद झाली. घरात कधी भात, तर कधी नुसती पेज. पेजेचं बकुळाला काही वाटत नसे. तिला बाबांची हाक हवी होती. कधीकधी ती स्वतःलाच हळूच म्हणून बघायची, "बकू!" पण ती काही खरी हाक नव्हे.

एका वादळात अंगणातला फणस पडला. तो आईनं लावलेला होता. बाबा त्याच्याकडे पाठ करून बसले. बकुळानंच जवळ जाऊन टकटक केलं. "आत कोणी असाल तर बाहेर या बरं."

ढोलीतून एक इवलीशी परी बाहेर आली. पिकल्या गऱ्यासारखी पिवळीधम्मक! चिमुकल्या पंखांवर सोनेरी भुसा चमचमत होता. एक पंख मात्र फाटला होता.

"किती मायेनं बोलावलंस गं!" परी म्हणाली. "खोडावर हात ठेव आणि एक इच्छा माग. पण एकदाच हं. आणि पडलेलं उभं राहत नाही, गेलेलं परत येत नाही."

"म्हणजे आई..."

"नाही गं सोन्या," परी म्हणाली आणि तिलाच रडू आलं.

बकुळानं डोळे पुसले, खोडावर हात ठेवला. 'माझे बाबा बोलू देत' एवढंच म्हणायचं होतं. पण परीचा रंग फिका फिका होत चालला होता.

"तुला काय होतंय?"

"माझं झाड पडलं ना. सूर्य बुडाला की मीही विझणार. परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही."

बकुळानं बाबांच्या पाठीकडे पाहिलं. मग रडत रडतच म्हणाली, "ही परी जगू दे."

"वेडाबाई! आणि तुझे बाबा?"

"बाबा मुके असले तरी आहेत. तू तर असणारच नाहीस."

परीचे गाल पुन्हा पिवळे झाले. "आता याच लाकडाचं काहीतरी तुझ्या हातानं घडव. त्यात मी राहीन."

बकुळानं बाबांची मोठी करवत ओढत आणली. पण फणसाचा चीक चिकटला आणि करवत अडकून बसली. बकुळानं ओढ ओढ ओढली. तळहाताला फोड आले, पण करवत हलेना. ती तिथंच बसून हुंदके देऊ लागली.

मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. बाबा! हातात खोबरेलाची बाटली. त्यांचे ओठ हलले, पण आवाज लवकर निघेना.

"आधी तेल लावायचं, बकू. फणसाला चीक असतो."

बघा, इतक्या दिवसांनी माणूस बोलला, तर तेलाचं! पण बकुळानं त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं आईसाठी पोटभर रडली. मग दोघांनी मिळून करवत धरली.

फळ्या सावलीत वाळल्या. टेबल झालं, सोनसळी, खरखरीत सालीच्या काठाचं. एका कोपऱ्यात बाबांनी ढोली तशीच राखली. परीनं बकुळाच्या कपाळाची पापी घेतली, लख्ख उजेड झाला आणि तो उजेड ढोलीत शिरून विरून गेला. परी पुन्हा कधी दिसली नाही.

त्या संध्याकाळी दोघं टेबलाशी जेवायला बसली. आईची जागा रिकामीच होती. बाबांनी तिकडे पाहिलं, हळूच टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले, "आत कोणी असाल तर आतच राहा बरं."