न रडणारी बाहुली

सूतगिरणीच्या एका गावात विश्वंभर नावाचा कारखानदार राहत होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत दोन-तीन यंत्रं आणि गावातल्याच काही बाया. तिथे तान्ह्या मुलांची बाळोती बनत. धुवायची नव्हेत, एकदा वापरून टाकून द्यायची. शहरात त्यांना डायपर म्हणतात, म्हणून गावही डायपरच म्हणू लागलं.

विश्वंभर हुशार होता. माणूसही वाईट नव्हता. वाईट माणसाची गोष्ट सांगण्यात काय हशील? तो वाईट आहे, एवढंच कळतं. चांगला माणूस कुठे चुकतो, ते पाहावं.

त्याच्या टेबलावर रबराची एक बाहुली असे, सहा महिन्यांच्या पोराएवढी. नवा डायपर तयार झाला की तो बाहुलीला घाली, तिच्या अंगातल्या नळीतून पाणी सोडी आणि खाली टीपकागद ठेवी. कागद कोरडा राहिला की डायपर पास.

शेडमधल्या बाया हसायच्या. "शेटची लेक मोठी गुणाची हो! ना रडते, ना दूध मागते."

शेटही हसायचा. त्याच्या घरी मूल नव्हतं. ओलं पोर त्यानं कधी मांडीवर घेतलं नव्हतं.

गिरणीत कामाला येणाऱ्या बायांच्या पोरांसाठी गिरणीतच पाळणाघर होतं. पोरं पुष्कळ आणि सांभाळायला आया एकच. गाद्या भिजायच्या, कुबट वास सुटायचा. गिरणीचे मालक आबासाहेब एकदा विश्वंभरला म्हणाले, "असं काही करा की सकाळी घातलेलं संध्याकाळी काढायचं. गादी भिजली नाही पाहिजे. एवढं करा, गिरणीचं सगळं काम तुमचं."

विश्वंभर झटून कामाला लागला. त्यानं कापसाच्या थरात पाणी पिणारे दाणे घातले. पाणी लागलं की ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगत आणि पाणी धरून ठेवत. तरी मांडीच्या कडेनं ओल झिरपायची. मग त्यानं कडेचं इलॅस्टिक आवळलं. आणखी आवळलं. कंबरही घट्ट केली. शेवटी टीपकागद कोरडा ठणठणीत राहिला.

बाहुली काखोटीला मारून तो गिरणीत गेला. आबासाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र बैठकीवर तिला निजवून त्यानं नळीतून पाणी सोडलं. बैठकीवर थेंब पडला नाही. आबासाहेब खूश झाले. काम मिळालं. शेडमध्ये नवं यंत्र आलं, आणखी बायांच्या हाताला काम लागलं. विश्वंभर गावातून जरा ताठ मानेनं चालू लागला.

मग उन्हाळा आला.

एके दुपारी गिरणीतली सगुणा शेडमध्ये आली. जेवणाच्या सुट्टीत तशीच निघाली होती, अंगावर कापसाचे तंतू, कडेवर पोर.

"अगं, शेट जेवतोय," बाया म्हणाल्या.

"जेवू द्या की. मी काय त्याचं ताट ओढायला आले नाही."

ती सरळ टेबलापाशी गेली. बाहुलीची तंगडी धरून तिनं ती बाजूला केली आणि तिच्या जागी आपली लेक निजवली. म्हणाली, "शेट, हात धुवा आणि या. आता हिच्यावर घ्या तुमची परीक्षा."

विश्वंभर आला. सगुणानं डायपर सोडला. पोरीच्या दोन्ही मांड्यांवर दोरी आवळल्यासारखे लाल वळ उठले होते. जांघेतली कातडी सोलवटून निघाली होती. उघड्या जखमेला वारा लागला आणि पोर किंचाळली.

विश्वंभरच्या तोंडून निघालं ते हे: "गळला का गं कुठे?"

"नाही गळला."

"मग?"

"मग काय मग? गादी कोरडी आहे, शेट. गादीला काही धाड भरली नाही. पोर ओली आहे."

शेडमधली यंत्रं चालू होती. बाया मात्र हातातलं काम टाकून टेबलाभोवती जमल्या.

सगुणानं पोरीला पदराखाली घेऊन पाजलं. विश्वंभरला तिथून हलवेना. पोर दूध प्यायली तसं तिचं पोट वर आलं. सुटलेला डायपर त्यानं हळूच तिच्या कमरेला लावून पाहिला. मघाशी जिथे बसला होता तिथे आता पुरेना. पोरीनं गुडघे पोटाशी ओढले, तशी मांडीची कड आत रुतली. बाहुलीनं कधी गुडघे ओढले नव्हते. बाहुलीचं पोट कधी भरलं नव्हतं.

त्यानं विचारलं, "सकाळपासून एकदाही बदलला नाही?"

"बाहेरून कोरडा दिसतो. कोण बदलणार? आधी गादी भिजायची तेव्हा आया बिचारी धावायची तरी."

हे वाक्य त्याला वळांपेक्षाही जास्त लागलं. त्याचा डायपर जितकं जास्त पाणी धरू लागला, तितकं पोरांकडे कुणी वाकून पाहीनासं झालं होतं. त्यानं गादी वाचवली होती आणि पोर भिजत ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो पाळणाघरात जाऊन सतरंजीवर बसू लागला. पोरं रांगताना पाही, निजताना पाही, दूध पिण्याआधी आणि प्यायल्यावर पोटाचं माप घेई. एकदा एका पोरानं त्याच्या मांडीवरच धार सोडली.

आया हसून म्हणाली, "शेट, बाहुलीनं नव्हतं असं न्हाऊ घातलं!"

विश्वंभर उठला नाही. कपडे भिजले तरी त्यानं पोर खाली ठेवलं नाही.

मग त्यानं नवा डायपर केला. पोराचं पोट फुगलं की त्याची कंबर सैल व्हायची. मांडीचं इलॅस्टिक ढिलं केलं आणि आतून मऊ झालर उभी केली, शेताला बांध घालावा तशी. अंगाला लागणारा थर असा निवडला की ओल खाली उतरावी, कातडीला चिकटून राहू नये. आणि बाहेरून, मधोमध, एक बारीक पिवळी पट्टी घातली. आत ओलं झालं की ती निळी व्हायची. कुणालाही दिसावी अशी.

पोरांच्या मांड्या हळूहळू बऱ्या होऊ लागल्या. पण आयाची धावपळ वाढली. पाजायला आलेल्या बाया पट्टी पाहायच्या आणि ओरडायच्या, "अगं, निळी झाली, निळी!" पाजता पाजता शेजारच्या पोराचीही पट्टी बघायच्या. पोर कुणाचं का असेना.

आबासाहेबांनी विश्वंभरला बोलावून घेतलं.

"डायपर झकास आहे. ती पट्टी तेवढी काढा."

"का हो, आबासाहेब?"

"अहो, पट्टी निळी झाली की बाया गलका करतात. मला आणखी दोन आया ठेवाव्या लागतील. बिनपट्टीचे करून द्यायला दुसरा माणूस दारात उभा आहे, हे सांगून ठेवतो."

विश्वंभर शेडमध्ये परतला. बायांनी त्याला गराडा घातला. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. त्यांच्यात सगळ्यांत जुनी पारूबाई होती. ती म्हणाली, "शेट, बोटाएवढी तरी आहे का ती पट्टी? तिच्यापायी आमच्या चुली विझवता काय?"

पारूबाईचं खोटं नव्हतं. तिची चूल खरी होती, तशी सगुणाच्या पोरीची जांघही खरी होती. दोन्हीकडे खरं असतं तेव्हाच माणसाची परीक्षा लागते. एका बाजूला खोटं असतं तेव्हा कुणीही पास होतो.

तो टेबलापाशी गेला. मग बाहुली उचलली आणि पुन्हा गिरणीत गेला.

"आबासाहेब, पट्टी काढली की माझा डायपर खोटं बोलेल. आत पोर सोलवटत असेल आणि बाहेरून सगळं छान दिसेल. पोराला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं पट्टीनं तरी बोलावं."

"म्हणजे नाही म्हणता?"

"पोरांसाठी नाही म्हणतो." त्यानं बाहुली त्यांच्या पांढऱ्या बैठकीवर ठेवली. "बिनपट्टीचे हिला घाला. ही तक्रार करत नाही."

काम गेलं. नवं यंत्र विकावं लागलं. काही बायांना घरी बसावं लागलं. पारूबाई पुष्कळ दिवस विश्वंभरशी बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं म्हणण्याची त्याचीही छाती झाली नाही. उरलेल्या बायांबरोबर तो थोडेच डायपर बनवू लागला आणि आठवड्याच्या बाजारात स्वतः बसून विकू लागला. पट्टीचेच.

गिरणीत बिनपट्टीचे डायपर आले. बाहेरून पांढरे, स्वच्छ, कोरडे. पाजायला आलेली सगुणा खाली बसली. पट्टी दिसेना, तेव्हा तिनं बोट आत घालून पाहिलं. मग शेजारच्या पोराचं पाहिलं. मग पाजायला आलेल्या सगळ्याच बाया पाहू लागल्या. पट्टी गेली होती, पण पाहायची सवय गेली नव्हती. ओलं लागलं की आधी बदला, नाहीतर आम्ही यंत्रावर जात नाही, असं त्यांनी मुकादमाच्या तोंडावर सांगितलं. भोंगा वाजला तरी कुणी उठलं नाही.

आबासाहेबांना शेवटी आणखी दोन आया ठेवाव्या लागल्या.

विश्वंभरला गिरणीचं काम परत मिळालं नाही. कुणी हारतुरे घातले नाहीत. एका बाजाराच्या दिवशी सगुणा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. लेक आता पावलं टाकू लागली होती. सगुणानं तिचं झबलं जरा वर केलं. मांडीवर वळ उरला नव्हता. विश्वंभरनं पाहिलं आणि मान खाली घालून पुढच्या गिऱ्हाइकाचे डायपर बांधायला घेतले. गाठ मारायला त्याला अंमळ वेळ लागला.

तात्पर्य: वस्तू ज्याच्या अंगाला लागणार, त्याच्याच अंगावर ती पारखावी, न रडणाऱ्या बाहुलीवर नव्हे. आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं झाकणारी वस्तू कितीही सुबक असो, कितीही खपो, ती आपल्या हातून होऊ देऊ नये. त्यासाठी किंमत मोजावी लागली तर मोजावी.