दोराला लागलेली दोन बोटे

पूर्वी अपरान्ताच्या, म्हणजे कोकणच्या, किनाऱ्यावरील एका बंदरात शिवस्वामी नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, कुळात जन्मला. त्याचे नाव सुलस. वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप पाहून होडी कुठे न्यावी हे तो सांगे. जे ठाऊक नसेल ते ठाऊक नाही, असेही सांगे. या दुसऱ्या सवयीमुळे त्याच्याकडे गिऱ्हाईक थोडे कमी येत असे.

त्या बंदरातील व्यापाऱ्यांच्या बैठकीचा प्रमुख बंदरश्रेष्ठी म्हणवला जाई. ज्याला त्या आसनावर बसायचे असेल त्याने खोल समुद्रातला एक मोठा मासा स्वतःच्या हातांनी धरावा, अशी तिथली रीत होती. या माशाचा वरचा जबडा भाल्यासारखा लांब असे, म्हणून त्याला भालमासा म्हणत. जो इतरांना खोल पाण्यात पाठवतो, त्याने त्या पाण्याचा जोर एकदा तरी आपल्या तळहातांवर घेतलेला असावा, असे पूर्वजांचे म्हणणे होते. म्हणणे योग्यच होते. होडीत उमेदवार आणि तांडेल असे दोघेच जात. तांडेलाने होडी सांभाळावी, गळाला आमिष लावावे, मासा होडीला टेकल्यावर त्याला लोखंडी आकडी मारावी. पण त्याआधी दोराला बोट लावू नये. परत येताना तांडेल होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहून दोन्ही रिकामे तळहात किनाऱ्याला दाखवी. दोराला परका हात लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा कोणताही पुरावा मागितला जात नसे.

त्या वर्षी जुना बंदरश्रेष्ठी वारला. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढण्याच्या दिवसापर्यंत आसन रिकामे राहिले तर राजाने आपल्या कोठारप्रमुखाला तिथे बसवायचे, असे ठरले होते. उमेदवार एकच उरला होता: रोहिणीमित्र. वय चाळीस, हिशेबात चोख, आणि होडी लागणारा. त्याने उघडपणे सांगितले होते की आपण आसनावर बसलो तर जहाजे केव्हा सोडायची हे ठरवताना बैठकीत तांडेलांना जागा देऊ. आदल्या वर्षी तांडेल नको म्हणत असताना व्यापाऱ्यांनी दोन जहाजे सोडली होती. चौदा माणसे परतली नाहीत. त्यांत सुलसाचा धाकटा भाऊ होता.

दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या. होड्या वर ओढण्याच्या आदल्या दिवशी रोहिणीमित्र सुलसाबरोबर तिसऱ्यांदा निघाला.

किनारा दिसेनासा झाल्यावर तो म्हणाला, "तांडेल, ही तिसरी खेप. मासे आता मला ओळखू लागले असतील."

"ओळखत असते तर जवळ आले असते, धनी," सुलस म्हणाला. "तुमच्यापासून त्यांना अजून कसलाही त्रास झालेला नाही."

सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी गळाला आमिष म्हणून लावलेला कुपा मासा एका झटक्यात खाली ओढला गेला. रोहिणीमित्राने हातांना ओली फडकी गुंडाळून दोर धरला. बराच वेळ काहीच दिसले नाही. केवळ दोर टोपलीतून सुटत राहिला. मग दूरवर पाणी फुटले आणि निळ्या पट्ट्यांचा एक देह हवेत उभा राहिला.

"एवढा मोठा?"

"थोडा आणखी. शेपूट अजून पाण्यात आहे."

दोन प्रहर मासा होडी ओढीत राहिला. रोहिणीमित्राला दोनदा ओकारी झाली. दोर त्याने सोडला नाही. उन्हे कलल्यावर मासा एकाएकी उलटला आणि सरळ होडीकडे आला. सैल पडलेला दोर रोहिणीमित्र भराभर ओढू लागला. त्याची वेटोळी पायांशी साचली आणि एक वेढा त्याच्या डाव्या घोट्यावर चढला. त्याची नजर पाण्यावर होती. सुलसाची पायांवर होती. मासा आता खाली सूर मारणार हे सुलसाला दोराच्या उतारावरून कळले. तो वाकला, दोन बोटांनी वेढा उचलला आणि घोट्यावरून काढून टाकला. पुढच्याच श्वासाला दोर ताठ झाला आणि होडीच्या काठात बोटभर खोल खाच पाडून गेला.

"काय झालं?" रोहिणीमित्राने मागे न पाहता विचारले.

"दोर बघा," सुलस म्हणाला.

संध्याकाळच्या आधी मासा होडीला टेकला. सुलसाने आकडी मारली. माशाच्या अंगावरचे निळे पट्टे हळूहळू विझले आणि तो शिशासारखा करडा झाला. रोहिणीमित्र सोललेल्या तळहातांकडे पाहत बसला होता. परतीच्या वाटेवर तो थांबून थांबून बोलत राहिला: पहिली बैठक कधी घ्यायची, तांडेलांनी कुठे बसायचे, जहाजांबाबत शेवटचा शब्द कोणाचा. "तुम्ही माझ्या उजव्या हाताला," तो म्हणाला. सुलस शीड सांभाळत राहिला. घडले ते आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, हे त्याला दिसत होते. आपण हात वर केले तर कोणाचेही नुकसान दिसणार नाही, हेही दिसत होते.

किनाऱ्यावर ढोल वाजत होते. माशाची शेपूट होडीबाहेर आलेली पाहून लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरले. सुलस नाळीवर उभा राहिला. त्याचे हात खालीच होते.

दुर्गिला नावाची कोळीण पुढे होऊन म्हणाली, "हात वर कर की रे सुलस. का माशाने खांदे निखळवले?"

लोक हसले. हात वर गेले नाहीत, तसे हसणे थांबले. व्यापाऱ्यांच्या बैठकीतला वयोवृद्ध लवणिक, जो नियमांचा राखणदार होता, पाण्याच्या कडेपर्यंत आला.

"दोराला तुझा हात लागला?"

"दोन बोटं. एकदाच. घोट्यावर वेढा पडला होता, तो काढला."

रोहिणीमित्राने वाकून घोटा पाहिला. त्यावर कसलाही वण नव्हता. "मला तर काहीच लागलं नाही," तो म्हणाला.

"लागलं असतं तर तुम्ही इथे उभे नसता, धनी."

एक व्यापारी लवणिकाला म्हणाला, "अहो, जीव वाचवला त्याने. याला काय दोर धरणं म्हणायचं?"

"नियमात तसा अपवाद नाही."

"मग घाला."

"घालू. पुढच्या उमेदवारापासून."

दुसऱ्या दिवशी होड्या वर ओढल्या गेल्या आणि कोठारप्रमुख आसनावर बसला. रोहिणीमित्र सुलसाच्या दारी आला, पण आत गेला नाही.

"समुद्रातच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला गप्प राहा म्हणाला असता, किंवा म्हणाला नसता. काहीही झालं तरी ओझं तुमच्यावर आलं असतं. हात माझा होता."

"आणि तुमचा भाऊ? ती चौदा माणसं? बैठकीत तुम्हाला जागा मिळत होती, तांडेल."

"बैठकीत बसून मी काय सांगणार होतो? आज निघू नका, एवढंच. पण जो तांडेल चांगल्या कामासाठी खोटे हात वर करतो, त्याने निघू नका म्हटलं की लोक आभाळाकडे बघणार नाहीत. यात याचा आज काय मतलब आहे, ते बघतील."

रोहिणीमित्र निघून गेला. चार महिने तो सुलसाशी बोलला नाही. पावसाळा सरल्यावर कोठारप्रमुखाने जहाजे सोडण्याचा दिवस ठरवला. सुलस धक्क्यावर म्हणाला, "आज निघू नका." तेव्हा सर्वांत आधी रोहिणीमित्राने आपली तीन जहाजे दोरांनी पुन्हा बांधून घेतली. कारण विचारणाऱ्याला तो म्हणाला, "या माणसाने मला आसनावर बसू दिलेलं नाही. तो मला खूश करायला बोलत नाही." संध्याकाळपर्यंत एकही जहाज हलले नव्हते. त्या रात्री वादळ आले. पुढे एकदा सुलसाच्या शब्दावर नऊ दिवस जहाजे थांबली आणि वारा साधा हललाही नाही. सुलसाने आपला अंदाज चुकला असे धक्क्यावर उभे राहून सांगितले, आणि त्यानंतरही लोक त्याला विचारून निघत राहिले. बैठकीत त्याला शेवटपर्यंत जागा मिळाली नाही.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात, वर्षावासात सांगितली. सोमिल नावाच्या भिक्षूने संघापुढे नियमांचे पठण अचूक केले म्हणून त्याची स्तुती होत होती. तेव्हा शेजारी बसलेल्या स्थविराने, एका ज्येष्ठ भिक्षूने, आपण मध्ये एक शब्द पुटपुटून त्याला आधार दिला होता, असे सांगितले. सोमिलाला तो शब्द आठवतही नव्हता. तो खिन्न झाला, आणि असे सत्य सांगून काय साधले, यावर भिक्षू वाद घालू लागले. कथा संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा रोहिणीमित्र म्हणजे आजचा सोमिल. लवणिक म्हणजे हा स्थविर. त्या जन्मी त्याने सत्य विचारले, या जन्मी ते सांगितले. दुर्गिला आणि किनाऱ्यावरचे लोक म्हणजे वाद घालणारे तुम्ही. आणि सुलस तांडेल मीच होतो. ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याची, कथा आहे."

मागच्या रांगेतून एका वृद्ध भिक्षुणीने विचारले, "आणि मासा, भन्ते?"

शास्ता तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तो कोणाचा, यावर वाद झाला. तो कोण, हे त्या किनाऱ्यावर कोणी विचारले नाही. मीही नाही, आणि आकडी माझ्याच हातात होती. त्या जन्मी माझे सत्य पुरे झाले. करुणा अजून पुरी व्हायची होती. हे वगळले, तर सांगितलेली कथा खोटी ठरेल."