शेवंता खारीची शीळ

झाडं अजून बोलत होती, तेव्हाची गोष्ट. रानात शेवंता नावाची एक म्हातारी खार राहायची. तिने सात झाडांच्या ढोल्यांत दाणे साठवले होते. प्रत्येक झाडाला त्याचा वेगळा परवलीचा शब्द सांगितला, तरच ढोली उघडायची. पण वय झालं आणि तिला शब्द आठवेनात. भरल्या ढोलीसमोर बिचारी उपाशी बसायची.

त्या सात झाडांतल्या वडाला तिची दया आली. "मावशी, तू फक्त मला शीळ घाल. बाकीच्यांना मी सांगेन."

तेव्हापासून एका शिळेसरशी सातही ढोल्या उघडू लागल्या. शेवंता पोटभर जेवू लागली.

एका सकाळी एका नकलाकार साळुंकीने हुबेहूब तिची शीळ घातली. वडाने निरोप धाडला आणि साळुंक्यांच्या थव्याने सातही ढोल्या रिकाम्या केल्या.

शेवंता आली, तेव्हा वड म्हणाला, "मावशी, मी आवाज ओळखला, तुला नाही ओळखलं. जुने शब्दच बरे होते का गं?"

"नको रे बाबा," शेवंता डोळे पुसत म्हणाली, "ते मला कुठे आठवायचे!"

"मग शीळ घातलीस की माझ्या खोडावर हात ठेवत जा. तुझ्या हाताची थरथर कुणाला उसनी आणता यायची नाही."

साळुंकीने पुन्हा शीळ घातली. वड गप्प राहिला.

शेवंता मात्र आता थोडे दाणे वडाला न सांगता दूरच्या खडकाखाली ठेवायची. वडाला वरून सगळं दिसायचं. त्याने कधी विचारलं नाही.