कावेरीबाईंचा पंचम

“इथे दोन रेझिस्टर होते. एक कुठे गेला?”

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी उघडून बाबालाल उस्तादांनी विचारलं. निरंजनने वाकून पाहिलं. मागच्या महिन्यात कावेरीबाईंची ही पेटी त्यानेच दुरुस्त केली होती.

मिरजेतल्या त्या दुकानात रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे निरंजनइतके झटपट कुणी वाचत नसे. पिवळा, जांभळा, लाल... नजर पडली की आकडा तयार. गिऱ्हाईक समोर असलं तर जरा मोठ्यानेच.

“दोन्ही जळाले होते, उस्ताद. मिळून पाच हजार ओहम व्हायचे. पाच हजारांचा एकच नग बाजारात येत नाही. म्हणून चार हजार सातशेचा बसवला. जवळपासच आहे की.”

“मग बनवणाऱ्याने दोन कशाला जोडले असतील?”

निरंजन पुन्हा पेटीत वाकला.

“कावेरीबाई पेटी घेऊन परत आल्या होत्या?”

“आल्या होत्या... पंचम चढा लागतोय म्हणाल्या.”

“तू काय म्हणालास?”



“म्हणालो... पेटी ठीक आहे. वय झालं की कान दगा देतो, बाई.”



“आज सकाळी त्यांनी पेटी पाठवून दिली. कुणा शिकणाऱ्याला द्या म्हणाल्या. शिकवणी बंद केलीय. ज्याला सूर कळेनासा झाला त्याने शिकवू नये, असा निरोप आहे.”

निरंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावातल्या कितीतरी जणांनी ज्यांच्यापुढे बसून पहिला सा लावला, त्या बाईंना आपण हे ऐकवलं, तेही हसत हसत.

उस्तादांनी चिमट्याने तो रेझिस्टर काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

“शेवटचा पट्टा?”

“सोनेरी.”

“काय सांगतो?”

“माझ्यात पाच टक्के चूक असू शकते...”

“तुझा पट्टा कुठेय?”



निरंजन तो रेझिस्टर घेऊन कामाला बसला. चार हजार सातशेला तीनशेची जोड दिली, कथिलाचा डाग दिला, मीटर लावून पाहिलं. आकडा चोख आला. त्याचा त्याला काडीचाही आनंद झाला नाही.

“उस्ताद, बाईंकडे दुसऱ्या कुणाकडून पाठवू का? मला त्यांना तोंड दाखववत नाही.”

उस्तादांनी पेटी त्याच्याच हातात दिली.

निरंजनने निमूटपणे पिशवी भरली. पेटी ठेवली, शेजारी मीटर ठेवला. उस्तादांनी मीटर बाहेर काढून टेबलावर ठेवला.

“असू द्या ना, उस्ताद. आता सगळं बरोबर झालंय, हे बाईंना दाखवता येईल.”

“दाखवायचं नाही,” उस्ताद म्हणाले. “बरोबर झालंय का, ते त्यांना विचारायचं.”