ओटमार राजाचं नाक आणि सात नाणी

युरोपात डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. ओटमार तिथला राजा. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्याला स्वतःचं नाक आवडत नसे.

तिथे नाण्यावर राजाचा चेहरा छापायची रीत होती. पहिलं नाणं हातात आलं आणि राजा म्हणाला, "नाक मोठं आलंय." झालं. राज्यातली सगळी नाणी परत मागवली, टांकसाळीच्या भट्टीत वितळवली आणि नव्याने पाडली. पुढच्या वर्षी हनुवटी पसंत पडेना. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा नाक. असं करता करता सात तऱ्हेची नाणी झाली. राज्यकारभार राहिला बाजूला, आणि हा आपला आरशासमोर.

राणी हिल्डा अगदी कंटाळून गेली. "अहो, नाक देवाने दिलंय. त्याला त्यात खोट दिसली नाही, तुम्हालाच कशी दिसते?"

"आठवा ठसा कोरायला सांगितलाय," राजा म्हणाला. आता काय बोलावं या माणसाला?

हिवाळा ऐन भरात होता. टांकसाळीचा प्रमुख येऊन म्हणाला, "महाराज, भट्टीला लाकूड नाही. आता गावात उरलंय ते पाववाल्यांकडचं."

"मग ते आणा."

तिसऱ्या दिवशी राजाच्या ताटात पाव आला नाही. तो तणतणत स्वतःच मार्गारेटा पाववालीच्या दुकानात गेला. भट्टी थंडगार पडली होती. दाराशी बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या.

"पाव का नाही?"

"सगळं लाकूड राजाच्या नाकाला लागलं," मार्गारेटा म्हणाली. "तुम्ही कोण?"

राजाने नवं नाणं आपल्या चेहऱ्याशेजारी धरलं. "ओळखलं नाहीस?"

तिने नाणं पाहिलं, मग त्याला पाहिलं. "हे कुणी देखणे गृहस्थ दिसतात. तुमचे कोण लागतात?"

बायका हसल्या. एक म्हातारी मात्र चिडून म्हणाली, "हसता काय? घरी नातवंडं दोन दिवस उपाशी आहेत."

आपल्याला कुणी ओळखलेलं नाही, हे राजाच्या लक्षात आलं. मुकाट्याने निघून जाता आलं असतं. पण त्याने टोपी काढली.

"राजा मीच. लाकूड मीच नेलं. उरलंय ते तासाभरात परत येईल."

आणि आलं. पहिली गाडी राजा स्वतः हाकत होता. मार्गारेटाची भट्टी पेटली, पहिला पाव म्हातारीच्या टोपलीत पडला, आणि राजा रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन उभा राहिला.

तात्पर्य: रूप देवाने दिलं तसं गोड मानून घ्यावं, स्वतःलाच न्याहाळत बसणाऱ्याला समोरचा उपाशी माणूस दिसत नाही, पण चूक कबूल केली की ती सुधारायला वाट नक्की सापडते.