वहाणांची आणि पायऱ्यांची झीज

खाडीवर धुकं उतरलं, तरी फणसवाडीच्या बायांना गोड्या विहिरीची वाट झोपेतही सापडायची. ती तात्या प्रभुदेसायांच्या नारळी-पोफळीच्या आगरातून जात असे. यंदा तात्यांनी तिथे वाट अडवायला बांबूचं बेडं घातलं आणि वाडीचं पाणी तुटलं.

सकाळी देवळात गाव जमलं. तात्या गावच्या राखणदार देवाला नव्या वहाणा वाहत होते. धुक्यात समया, माणसं, देवसुद्धा स्वप्नातल्यासारखे तरंगत होते. वाडीतल्या शेवंताच्या कमरेवरची रिकामी कळशी मात्र खरी होती.

"तात्यानू, ती आमची वहिवाट आहे."

"कसली वहिवाट? मी दयेने जाऊ देत होतो! तुमच्या आज्या-पणज्या तिथून चालल्या, हे पाहिलंय कोणी?"

शेवंताने देवापुढून काढलेल्या जुन्या वहाणांकडे बोट दाखवलं. "या कशाने झिजल्या?"

"राखणदार रोज रात्री गावाची सीमा फिरतो, म्हणून!"

"त्याला फिरताना पाहिलंय कोणी?"

"पाहायला कशाला हवं? वहाणांचे तळ बघ की! झीज कधी खोटं बोलते होय?"

"नाही बोलत. मग तुमच्या आगरातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांना मधोमध खळगे पडलेत, ते कुणाच्या पायांनी? तुमच्या घरातल्या तर कुणी त्या वाटेने कधी घागर आणली नाही."

देवळात खसखस पिकली. तात्यांनी देवाकडे पाहिलं. पायऱ्यांची झीज खोटी म्हणावी, तर वहाणांचीही खोटी ठरणार!

"बेडं काढा रे," ते गुरकावले, "आणि देवासमोर हसू नका!"